आपल्या सॉफ्टवेअरमधून पॉडमॅन चालवताना तेच तेच का तुटतं: सीएलआय, सॉकेट, बाइंडिंग की थेट लिबपॉड

पॉडमॅन म्हणजे कंटेनर (प्रोग्राम बाकी मशीनपासून वेगळा ठेवून चालवायची पेटी) चालवणारं टूल, आणि सॉकेट म्हणजे त्याच्याशी बोलायची फाइलसारखी खिडकी. आधी लक्षणं सांगतो. यातलं एखादं तुमचं असेल तर पुढे वाचा, नसेल तर उगाच वेळ घालवू नका.

– लॅपटॉपवर सगळं झकास. सर्व्हरवर टाकलं, टेस्ट केलं, तिथेही झकास. एसएसएच बंद करून चहाला गेलात की ॲप ओरडायला लागतं, सॉकेटच्या जागी "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी".
– रात्रभर कोणी काही केलं नाही, सकाळची पहिली रिक्वेस्ट ईओएफ (पलीकडून कनेक्शन तुटलं) देऊन मरते, दुसरी लगेच चालते. कोणाला दाखवायला बोलावलं की अर्थातच चालते.
– कंटेनरचे लॉग येतात पण प्रत्येक तुकड्याच्या आधी एखादं चौकोनी, विचित्र अक्षर चिकटलेलं असतं.
– मोठा आउटपुट देणारा कंटेनर असला की ॲप लटकतं. एरर नाही, सीपीयू नाही, नुसतं बसून राहतं.
– गो भाषेत लिहिलंय आणि बिल्डच होत नाही, जीपीजीएमई किंवा बीटीआरएफएस या सी लायब्रऱ्यांची हेडर फाइल सापडत नाही म्हणतं.
– ॲप म्हणतं कंटेनर चालू आहे, टर्मिनलवर पॉडमॅन पीएस केलं तर यादी रिकामी. किंवा उलटं.
– आणि सगळ्यात भीतीदायक: तुमचाच प्रोग्राम मध्येच दुसऱ्यांदा सुरू होतो आणि पोर्ट आधीच वापरात आहे म्हणून बोंबलतो.

हे सगळं मी निस्तरलंय, काही तर तीन-तीनदा. आमच्याकडे विद्यार्थ्यांचा कोड तपासायचं एक सॉफ्टवेअर आहे, मुलानं सी किंवा पायथनमध्ये उत्तर लिहायचं, ते एका कंटेनरमध्ये चालवायचं, आउटपुट जुळवायचा, कंटेनर फेकून द्यायचा, इतकंच काम. पण पहिल्या माणसानं ते थेट लिबपॉड घेऊन लिहिलं होतं, म्हणजे पॉडमॅनच्या पोटातली गो लायब्ररी, आणि मग दर अपडेटला आमची दिवाळी. त्यामुळे मी आता कुठेही गेलो की पहिला प्रश्न हाच विचारतो की तुम्ही पॉडमॅनला नक्की कुठून हात घातलाय, कारण बिघाड कुठला येणार ते निम्मं तिथेच ठरतं.

हात घालायच्या जागा चार. वरून खाली सांगतो. एक, पॉडमॅनची कमांडच (सीएलआय) आपल्या प्रोग्राममधून चालवायची. दोन, पॉडमॅनची सर्व्हिस चालू करून तिच्या सॉकेटवर एचटीटीपी, म्हणजे रेस्ट एपीआय, भाषा कुठलीही चालते. तीन, गो वाल्यांसाठी त्याच एपीआयवर बसलेले बाइंडिंग्ज, म्हणजे तयार गो फंक्शन्स. चार, लिबपॉड थेट इंपोर्ट करून आपल्या बायनरीत भरायची. जितकं खाली जाल तितका ताबा जास्त आणि जबाबदारी पण तुमची. खाली जाताना लोकांना वाटतं आपण "प्रॉपर" करतोय. तसं काही नसतं.

आता तपासण्या, सोप्या आणि फुकटच्या आधी. कमांड मी बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलात त्या रोमनमध्येच टाकायच्या.

सॉकेट कोणाचा, आणि ॲप कोण म्हणून चालतंय

दोन मिनिटांचं काम आणि माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपतात. रूटचा सॉकेट असतो रन/पॉडमॅन/पॉडमॅन.सॉक इथे. साध्या युजरचा असतो रन/युजर/1000/पॉडमॅन/पॉडमॅन.सॉक, 1000 च्या जागी तुमचा यूआयडी, म्हणजे युजरचा नंबर. हे दोन पूर्ण वेगळे संसार आहेत, इमेजेस वेगळ्या, कंटेनर वेगळे, व्हॉल्यूम वेगळे. "ॲपला दिसतो मला दिसत नाही" हे भूत शंभरातल्या नव्वद वेळा इथेच असतं: ॲप रूट म्हणून चालतंय आणि तुम्ही आपल्या युजरनं बघताय. ॲपमध्ये एक ओळ टाकून यूआयडी छापा, मग बोलू.

याच्याच जोडीला एक्सडीजी रनटाइम डिर हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघा. एसयू करून किंवा सुडो मायनस यू करून दुसऱ्या युजरमध्ये शिरलात, किंवा क्रॉनमधून चालवलंत, तर तो बहुतेक वेळा सेटच नसतो, कारण खरं लॉगिन सेशन झालेलंच नसतं. मग पॉडमॅन आपल्या फायली भलतीकडे शोधतो. सरळ त्या युजरनं एसएसएच करा किंवा मशीनसीटीएल शेल वापरा.

सॉकेटला हाक मारून बघा

आपल्या कोडला दोष द्यायच्या आधी कर्ल (टर्मिनलवरून रिक्वेस्ट टाकायचं टूल) घ्या, त्याला युनिक्स सॉकेटचा पर्याय देऊन अंडरस्कोर पिंग या पत्त्यावर रिक्वेस्ट टाका. "ओके" आलं तर सर्व्हिस जिवंत आहे आणि भानगड तुमच्या कोडात आहे. नाही आलं तर कोड कितीही वाचा उपयोग नाही. हे एवढं का सांगतोय, तर मी स्वतः एकदा अख्खी दुपार कनेक्शन पूलचा कोड वाचण्यात घालवलीये आणि सॉकेट युनिट एनेबलच केलेलं नव्हतं. सिस्टमसीटीएल मध्ये युजर पर्याय देऊन पॉडमॅन.सॉकेट एनेबल करा आणि लगेच सुरू पण करा, नाऊ लावायला विसरू नका.

"परमिशन डिनाइड" आलं आणि तुमचं ॲप स्वतःच एका कंटेनरमध्ये असून सॉकेट आत माउंट केलेला असेल, आणि मशीन फेडोरा किंवा रेड हॅट घराण्यातलं असेल, तर एसईलिनक्स, म्हणजे फाइल परवानग्यांच्या वरचा लिनक्सचा वेगळा पहारा. फाइलच्या परवानग्या 777 करून काही होणार नाही, तसं करूही नका. त्या एका कंटेनरला लेबल डिसेबल द्या. संपूर्ण मशीनचं एसईलिनक्स बंद करायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा.

लॉगआउट केल्यावर मरतं: लिंगर

हे चहाला गेल्यावर मरणारं प्रकरण. साध्या युजरचं शेवटचं सेशन संपलं की सिस्टमडी (मशीनवरच्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) थोड्याच वेळात त्या युजरचा सगळा पसारा आवरतो, रन/युजर खालचा फोल्डरसुद्धा उडवतो. सॉकेट गेला, त्याबरोबर तुमचे कंटेनरही गेले. लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर आणि युजरचं नाव, म्हणजे लॉगआउटनंतरही पसारा राहू दे, एक ओळ, संपलं. फुकट आहे. पण हे टेस्टिंगमध्ये कधीच सापडत नाही कारण टेस्ट करताना तुम्ही लॉगिन केलेलंच असता! म्हणून माझा नियम, सर्व्हरवर टाकल्यावर सगळी सेशन्स बंद करायची, पाच मिनिटं थांबायचं, आणि बाहेरून ॲप वापरून बघायचं.

पहिली रिक्वेस्ट मरते

पॉडमॅनला डॉकरसारखा (ते दुसरं कंटेनर टूल) कायम मागे चालत बसलेला डीमन नाही. सॉकेटवर सिस्टमडी कान लावून बसतो, रिक्वेस्ट आली की सर्व्हिस उठवतो, आणि 5 सेकंद काही काम नसेल तर सर्व्हिस आपली आपण बंद होते. डिझाइन छानच आहे, मेमरी खात नाही. पण तुमच्या एचटीटीपी क्लायंटनं कनेक्शन पूलमध्ये जपून ठेवलेलं असतं आणि पलीकडचा केव्हाच गेलेला असतो. मग ईओएफ.

उपाय दोन. एकतर सिस्टम सर्व्हिसला टाइम शून्य द्या म्हणजे ती बंदच होणार नाही. नाहीतर क्लायंटमध्ये निष्क्रिय कनेक्शन जपणं बंद करा. मी दुसरा करतो, आणि फक्त वाचायच्या रिक्वेस्टला एकदा रिट्राय लावतो. कंटेनर बनवायच्या रिक्वेस्टला आंधळा रिट्राय लावू नका, एका मुलाच्या उत्तराचे दोन कंटेनर चालतात आणि मग मार्क दोनदा. विचारा कसं माहीत.

व्हर्जनची भांडणं

डॉकरच्या लायब्ररीनं पॉडमॅनशी बोलत असाल (चालतं, पॉडमॅन 2.0 पासून, म्हणजे 2020 पासून, डॉकरसारखा एपीआय आणि स्वतःचा लिबपॉड एपीआय दोन्ही एकाच सॉकेटवर मिळतात) तर व्हर्जन निगोशिएशन (दोघांनी आपसांत व्हर्जन ठरवणं) चालू आहे का बघा. गो च्या डॉकर क्लायंटमध्ये तो पर्याय आपल्याला द्यावा लागायचा आणि लोक विसरायचे. पॉडमॅन 4 डॉकरच्या एपीआयचं 1.41 व्हर्जन बोलतो, तुमचा क्लायंट त्याहून नवीन व्हर्जनवर अडून बसला तर भानगड होऊ शकते. उलट डॉकर इंजिन 29 नं किमान मर्यादाच 1.44 वर नेली, तेव्हा जुन्या व्हर्जनवर ठोकून बसलेली टूल्स "टू ओल्ड" म्हणून एका रात्रीत बंद पडली. व्हर्जन कोडात हाताने लिहून ठेवलंय का ते शोधा, असेल तर काढा.

पायथनवाल्यांनी अजून एक बघायचं. 2024 च्या मे मध्ये रिक्वेस्ट्स या लायब्ररीचं 2.32 आलं आणि डॉकरची पायथन लायब्ररी फुटली, "नॉट सपोर्टेड यूआरएल स्कीम" अशी एरर. लोक डॉकर पुन्हा इन्स्टॉल करत बसले, पण बिचाऱ्या डॉकरचा काही संबंधच नव्हता. डॉकर लायब्ररी 7.1.0 किंवा पुढची घेतली की सुटतं. त्यामुळे "काल चालत होतं, आम्ही काहीच बदललं नाही" म्हणालात की मी आधी डिपेंडन्सीची लॉक फाइल (कुठल्या लायब्ररीचं कुठलं व्हर्जन ते नोंदवणारी) मागतो. ती नसते. म्हणजे बदललं तर आहेच, फक्त कोणी ते लिहून ठेवलेलं नाही.

लॉगमधली विचित्र अक्षरं

हा बग नाही. कंटेनरला टीटीवाय (खोटं टर्मिनल) दिलेला नसेल तर एपीआय स्टँडर्ड आउट आणि स्टँडर्ड एरर एकाच धाग्यात मिसळून पाठवतो आणि प्रत्येक तुकड्याच्या आधी 8 बाइटचं हेडर लावतो. पहिला बाइट सांगतो कुठला प्रवाह, 1 म्हणजे आउट, 2 म्हणजे एरर, आणि शेवटचे 4 बाइट सांगतात पुढचा मजकूर किती लांब, मोठा बाइट आधी. तुम्ही ते सोलून काढायचं असतं. गो मध्ये त्यासाठी एसटीडीकॉपी नावाचं तयार फंक्शन आहे, बाकी भाषांत दहा-पंधरा ओळींचं काम. टीटीवाय दिला की हेडर जातं म्हणून लोक टीटीवाय देऊन मोकळे होतात, पण मग एरर आणि आउटपुट वेगळे करताच येत नाहीत, ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न येतो आणि आमच्यासारख्यांची उत्तर जुळवणी बोंबलते. मुलांचं बरोबर उत्तर चूक ठरायचं. तेव्हा हेडर सोला, टीटीवायच्या मागे लपू नका.

सीएलआय वापरताय आणि लटकतंय

सीएलआय वापरायला लाज वाटायचं कारण नाही, मी तर आधी तेच सुचवतो. फक्त कंटेनर सुरू करायचा, संपायची वाट बघायची, एक्झिट कोड घ्यायचा, एवढंच काम असेल तर याहून टिकाऊ काही नाही. पण तीन गोष्टी पाळा.

पाइप. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे 64 केबी मावतात. मुलानं अनंत लूपमध्ये प्रिंट टाकलं, पाइप भरला, तुम्ही वाचतच नाही, नुसतं वेट करून बसलाय, तो लिहायला थांबलाय, तुम्ही तो संपायला थांबलाय. पहले आप, पहले आप. पायथनमध्ये वेट ऐवजी कम्युनिकेट, किंवा वेगळ्या थ्रेडमध्ये सतत वाचत राहा, आणि वरून टाइमआउट.

एक्झिट कोड. 125 म्हणजे पॉडमॅन स्वतः गडबडला, 126 म्हणजे कमांड सापडली पण चालवता आली नाही, 127 म्हणजे सापडलीच नाही, 137 म्हणजे सिगकिलनं (जबरदस्तीनं बंद करायच्या सिग्नलनं) मारलं, बहुतेकदा मेमरी संपून. हे चार वेगळे केले नाहीत तर सगळ्याला "रनटाइम एरर" म्हणाल आणि आपल्या सर्व्हरच्या चुकीसाठी मुलाला शून्य द्याल. पॉडमॅन रनमध्ये आतला प्रोग्रामही 125 देऊ शकतो हे लक्षात ठेवा, शंका आली तर इन्स्पेक्ट करा.

तिसरं, टेबलचा मजकूर स्पेसवर तोडून वाचू नका, फॉरमॅट जेसन मागा. आणि कमांड एकच लांब स्ट्रिंग जोडून शेलला देऊ नका, आर्ग्युमेंटची यादी द्या. कोणीतरी फाइलच्या नावात सेमीकोलन घालतंच.

युजर नेमस्पेस

इथून काम थोडं अवघड होतं. नेमस्पेस म्हणजे कंटेनरला दाखवलेलं वेगळं जग, त्यातले युजर नंबर बाहेरच्या नंबरांशी जोडावे लागतात. इमेज खेचताना "पोटेन्शियली इनसफिशियंट यूआयडीज" अशी एरर आली तर ईटीसी खालच्या सबयूआयडी आणि सबजीआयडी फायलींत तुमच्या युजरची ओळ आहे का बघा, साधारण 65536 आयडींचा पट्टा लागतो. कारण सोपं: कंटेनरच्या आत वेगवेगळ्या मालकांच्या फायली असतात आणि तुमच्याकडे वाटायला एकच आयडी असेल तर त्या ठेवायच्या कोणाच्या नावावर? न्यूयूआयडीमॅप टूलही हवं, डेबियनवर ते यूआयडीमॅप पॅकेजमध्ये येतं. फायली बदलल्यावर पॉडमॅन सिस्टम मायग्रेट चालवा, नाहीतर जुनंच नेमस्पेस धरून बसतो आणि तुम्हाला वाटतं बदलाचा परिणाम झाला नाही. याला मी स्वतः दोनदा फसलोय. मायग्रेट चालू कंटेनर थांबवतो, तेव्हा भर परीक्षेत नको.

मेमरी किंवा सीपीयूची मर्यादा लागत नसेल तर सीग्रुप (कर्नलची मर्यादा लावायची सोय) व्हर्जन 2 आहे का बघा, साध्या युजरला त्याशिवाय मर्यादा लावता येत नाही. जुन्या सिस्टमडीवर मेमरीचा कंट्रोलर युजरला मिळतो पण सीपीयूचा मिळत नाही, तो डेलिगेट करावा लागतो, आणि त्याला रूट लागतं.

गो चा बिल्ड

बाइंडिंग्ज इंपोर्ट केले की त्यांच्या मागून इमेज आणि स्टोरेजच्या लायब्रऱ्यांची वरात येते, त्यांना सी च्या हेडर लागतात. तुम्ही जर फक्त सॉकेटवर बोलणार असाल तर त्या नकोतच. बिल्ड टॅगमध्ये रिमोट, एक्स्क्लूड ग्राफड्रायव्हर बीटीआरएफएस आणि कंटेनर्स इमेज ओपनपीजीपी हे तीन द्या, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. बाइंडिंगचं मेजर व्हर्जन आणि सर्व्हरवरच्या पॉडमॅनचं मेजर व्हर्जन एकच ठेवा. 4 वरून 5 वर जाताना इंपोर्टचा पत्ताच बदलतो, प्रत्येक फाइलमध्ये, ते फाइंड-रिप्लेस करून होतं पण काही फंक्शनचे प्रकारही बदललेत, तेव्हा एक दिवस धरा, "दहा मिनिटांत करतो" म्हणू नका.

थेट लिबपॉड

आता आमच्या मूळ दुखण्याकडे. वरचं सगळं तपासून झालं, तरी प्रोग्राम दोनदा सुरू होतो किंवा कंटेनर अर्धवट मरून पडतात, तर गो डॉट मॉड (गो प्रोजेक्टच्या लायब्रऱ्यांची यादी) उघडा आणि कोडात लिबपॉड थेट इंपोर्ट केलंय का बघा.

दोनदा का सुरू होतो? स्टोरेज लायब्ररीला काही कामं वेगळ्या प्रोसेसमध्ये, वेगळ्या नेमस्पेसमध्ये करावी लागतात. गो चा प्रोग्राम सुरुवातीपासून अनेक थ्रेडचा असतो आणि अनेक थ्रेड असताना युजर नेमस्पेस बदलायला कर्नल देत नाही. म्हणून ती तुमचीच बायनरी वेगळ्या नावानं पुन्हा चालवते, आणि तुम्ही मेनच्या पहिल्याच ओळीत रीएक्झेक इनिट बोलावलं असेल अशी तिची अपेक्षा असते. नसेल बोलावलं तर तुमचं अख्खं मेन पुन्हा धावतं, वेब सर्व्हर, डेटाबेस कनेक्शन, सगळं.

मग कॉनमॉन. डीमन नाही म्हटल्यावर कंटेनरवर लक्ष कोण ठेवणार, तर कॉनमॉन नावाची छोटी प्रोसेस. कंटेनर संपला की तिनं पॉडमॅनला बोलावून साफसफाई करून घ्यायची असते. तुम्ही लिबपॉड वापरताना ती कमांड नीट दिली नाहीत तर माउंट तसेच राहतात आणि डिस्क हळूहळू भरते.

आणि डेटाबेस. पॉडमॅन 4.8 पासून नवीन इन्स्टॉलवर बोल्टडीबी ऐवजी एसक्यूलाइट आला. तुमच्या बायनरीत त्याआधीचं लिबपॉड गोठलेलं असेल आणि सर्व्हरवर नवीन पॉडमॅन असेल, तर दोघं एकाच स्टोरेजवर दोन वेगळ्या वह्या लिहितात. कंटेनर गायब होण्याचा हाही एक प्रकार, आणि हा फार घाणेरडा, कारण यूआयडी बरोबर असतो, सॉकेट बरोबर असतो आणि तरी दिसत नाही. आमच्याकडे हेच झालं होतं.

यावर माझं मत ठाम आहे, लिबपॉड दुरुस्त करत बसू नका, काढून टाका. त्या गो एपीआयच्या स्थिरतेची हमी कोणी देत नाही, तो मुळात पॉडमॅनच्या स्वतःच्या वापराचा आहे. तुम्ही स्वतः कंटेनर इंजिन बनवत असाल तर गोष्ट वेगळी. आम्ही सगळं रेस्ट एपीआयवर आणलं, आणि ज्या एका जागी फक्त इमेज बिल्ड करायची होती तिथे सीएलआय ठेवला. मिसळ आहे, पण चालते. दरवेळी ॲप आणि पॉडमॅन वेगवेगळे अपडेट करता येतात, सुरक्षेचा पॅच आला की आमची बायनरी पुन्हा बांधावी लागत नाही.

इथे थांबा आणि जाणत्या माणसाला बोलवा

उबंटू 24.04 वर ॲपआर्मर (एसईलिनक्ससारखाच पहारा) साध्या युजरच्या नेमस्पेसवर बंधन घालतं, ते कर्नल सेटिंग बदलून उठवता येतं, पण सर्व्हर तुमच्या एकट्याचा नसेल तर ते तुम्ही ठरवायचं नाही, सिस्टम ॲडमिनला विचारा. होम फोल्डर एनएफएसवर (नेटवर्कवरच्या डिस्कवर) असेल तर साध्या युजरचं स्टोरेज तिथे नीट चालत नाही, लोकल डिस्कवर हलवावं लागतं, तेही ॲडमिनचं काम.

दोन वह्यांचा घोळ झालाय आणि व्हॉल्यूममध्ये खरा डेटा आहे, तर हात काढून घ्या. पॉडमॅन सिस्टम रीसेट हा इंटरनेटवर सगळ्यात आधी सापडणारा सल्ला आहे आणि तो कंटेनर, इमेज, व्हॉल्यूम सगळं पुसतो. आधी स्टोरेज फोल्डरची कॉपी, मग जाणता माणूस, मग बाकी.

आणि "जाऊ दे, सॉकेट टीसीपी पोर्टवर उघडतो" असं मनात आलं तर तिथल्या तिथे थांबा. त्या पोर्टवर पासवर्ड नसतो. रूटचा सॉकेट ज्याला मिळाला त्याला मशीन मिळालं. दुसऱ्या मशीनवरून बोलायचंच असेल तर एसएसएचमधून बोला, पॉडमॅनमध्ये ती सोय आहे.

ज्याला बोलवाल त्याच्या हातात ॲपचा यूआयडी, पॉडमॅन इन्फोचा पूर्ण आउटपुट, कर्लच्या पिंगचं उत्तर आणि लॉक फाइल ठेवा. स्क्रीनशॉट नको, मजकूर द्या.